एकसष्ट टक्के आणि देवीचा पहिला मान

माझ्या मुलीला दहावीला एकसष्ट टक्के मिळाले आणि त्या दिवशी आमच्या दाराची बेल दुधाच्या बिलाशिवाय कोणीही वाजवली नाही.

तसं पाहिलं तर एकसष्ट हा काही वाईट आकडा नाही. पण नापास झालं की लोक निदान सांत्वनाला येतात, नव्वदच्या वर गेलं की पेढे खायला येतात, एकसष्टवाल्यांकडे नेमकं कशासाठी जायचं हे कोणाला ठरवता येत नाही. रात्रीच्या जेवणाआधी समोरच्या ब्लॉकमधले देसाई काका तेवढे दारात डोकावले आणि म्हणाले, "चला, पास झाली ना? मग झालं तर." आणि चप्पल न काढताच परत गेले. मला त्या "झालं तर"चा फार राग आला.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी ठाण्याला एका सरकारी कार्यालयात खिडकीवर बसते. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथे येऊन गेलेल्या निम्म्या लोकांनी मला मनातल्या मनात शिव्या घातलेल्या आहेत. माझं काम म्हणजे आलेले अर्ज तपासणं. (म्हणजे खरं तर परत करणं.) फोटोवरची सही अर्धी आत, अर्धी बाहेर पाहिजे, झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही, हा रकाना रिकामा सोडायचा नसतो, तिथे 'लागू नाही' असं लिहायचं असतं. हे मी बावीस वर्षं सांगत आले आहे. त्यामुळे पोरीला मार्क कमी पडले असले तरी अकरावीचा फॉर्म मी असा भरणार होते की कॉम्प्युटरने माझा सत्कार करावा.

प्रांजल, म्हणजे आमची कन्या, कमी बोलते. तिचे मार्क वेगवेगळे पाहिले तर मोठी गंमत आहे. सायन्सला अठ्ठ्याहत्तर आणि इतिहास-भूगोलाला त्रेचाळीस. आम्ही मानपाड्याला राहतो आणि बिल्डिंगच्या मागून एक नाला वाहतो. ही मुलगी आठवीपासून त्या नाल्याचं पाणी रिकाम्या औषधाच्या बाटल्यांत भरून, वर तारीख चिकटवून खिडकीत मांडून ठेवते. एकदा गणपतीच्या साफसफाईत मी त्यातल्या अकरा बाटल्या फेकल्या, तेव्हा ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. नेहमीच कमी बोलत असल्यामुळे हे मला पाचव्या दिवशी कळलं.

निकालाच्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, मला सायन्स घ्यायचंय."

"किती टक्के पडलेत आपल्याला?"

"एकसष्ट."

"मग? एकसष्टला कॉमर्स असतं, प्रांजल."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं. असतं तसं."

तिने आणखी एकदा म्हणून पाहिलं, "पण मला तेच करायचंय गं." मी कुकर लावत होते. मी म्हटलं, "आधी कुठलं तरी कॉलेज तर मिळू दे." ती गेली. मी शिट्ट्या मोजत राहिले. आज ते आठवलं की स्वतःलाच एक चिमटा काढावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी देसाई काका चप्पल काढून आत आले, कारण या वेळी हातात तक्ता होता. काका बँकेतून रिटायर झालेत आणि गेली काही वर्षं ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधल्या तमाम कॉलेजांच्या कट-ऑफवर त्यांचं लक्ष आहे. त्यांच्या घरात शिकणारं कोणी नाही, ही निव्वळ आवड. तक्ता आमच्या डायनिंग टेबलावर मावेना, म्हणून मीठ-लोणच्याच्या बरण्या खाली उतरवल्या. काय तो तक्ता! मी बावीस वर्षं सरकारी नोकरीत असून इतकं सुबक कोष्टक पाहिलं नव्हतं. मी नकळत पदर सावरून बसले.

"हे बघा सावंत मॅडम," काका म्हणाले, "गुलाबी म्हणजे स्वप्न. पिवळं म्हणजे आशा. हिरवं म्हणजे आपण."

मी बघितलं. सगळा तक्ता गुलाबी होता. खाली एका कोपऱ्यात थोडं पिवळं होतं आणि हिरवं शोधायला मला चष्मा लावावा लागला.

"कॉमर्स धरा," काका म्हणाले. "सायन्सचं नावसुद्धा काढू नका. दहा ओळी असतात पसंतीच्या. दहाच्या दहा भरा. एकही रिकामी सोडायची नाही."

रिकामा रकाना न सोडण्याबद्दल मला कोणी शिकवावं! पण काकांसमोर मी शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली.

त्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता ठाण्यातलं एक मोठं कॉलेज बाहेरून बघून आले. (आत जायची हिंमत झाली नाही.) केवढं ते गेट! केवढी ती झाडं! आत-बाहेर करणारी मुलं मोबाइलमध्ये बघत चालत होती आणि कशालाही अडखळत नव्हती. गेटवरचा वॉचमनसुद्धा मला डिस्टिंक्शनमध्ये पास झालेला वाटला. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून दहा मिनिटं नुसती बघत होते. मग मनाशी ठरवलं, की हे कॉलेज यादीत घालायचंच. मिळो न मिळो.

रविवारी सकाळी फॉर्म भरायला बसलो. लॅपटॉपला मी हळदकुंकू लावलं. आमचे हे म्हणाले, "स्क्रीनला नको, मागे लाव." लॅपटॉपवर प्रांजल, तिच्या शेजारी खुर्चीवर मी, आणि आमचे हे सोफ्यावर पेपर आडवा धरून. मी सांगायचं आणि तिने टाकायचं, असं ठरलं होतं. ठाण्याची दोन, डोंबिवलीची चार, कल्याणची तीन. सगळी कॉमर्स. नऊ झाली. दहावं काही केल्या सापडेना, म्हणून प्रांजल यादी खाली खाली सरकवत होती. तेवढ्यात मला दिसलं.

आमच्या कुलदेवीच्या नावाचं कॉलेज! अंगावर काटा आला माझ्या.

आता आमच्या घरात देवीचं काय आहे ते सांगते. आमचं गाव तळकोकणातलं. आमच्याकडे लग्न ठरलं की पहिली पत्रिका देवीला जाते. नवीन मिक्सर आला तर पहिल्यांदा त्यात देवीच्या नैवेद्याचं खोबरं वाटलं जातं. कसलीही यादी करायची असली तरी पहिली ओळ देवीची, मग ती वाणसामानाची का असेना. आणि देवीचा स्वभाव आम्हाला माहीत आहे. पहिली पत्रिका घेऊन ती काही हॉलवर जेवायला येत नाही. ती तिथूनच आशीर्वाद देते. मान घेते आणि सोडून देते.

"हे पहिलं टाक," मी म्हटलं.

"आई, हे खडवलीला आहे. कल्याणच्या पुढे."

"असू दे. आपल्याला थोडंच जायचंय?"

"मग टाकायचं कशाला?"

"मान असतो."

माझी समजूत अशी होती की कॉम्प्युटर आपल्या दहाही ओळी वाचतो आणि त्यांतलं आपल्या मार्कांना मिळू शकेल असं सगळ्यात भारी कॉलेज काढून देतो. म्हणजे क्रम कसाही असला तरी काय फरक पडतो? माहिती पुस्तिका मी वाचली होती. सगळी नाही, पण फोटोचा आकार, सहीचा आकार आणि जातीच्या दाखल्याची पानं पाठ होती.

"इथे कॉमर्स नाहीये," प्रांजल म्हणाली. "आर्ट्स आणि सायन्स आहे. काय टाकू?"

"टाक गं कुठलंही. देवीला काय करायचंय?"

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, पोरगी भक्तिभावाने भारावली. मग तिने काहीतरी टिचकी मारली, बाकीची नऊ कॉलेजं खाली घेतली, मला पडदा दाखवला आणि विचारलं, "लॉक करू?" मी सगळी स्पेलिंगं तपासली, मोबाइल नंबर दोनदा तपासला, आणि "कर" म्हणाले.

यादी लागायच्या दिवशी मी खिडकीवर होते. अकराच्या सुमाराला मोबाइलवर मेसेज आला. अभिनंदन वगैरे आणि पुढे, आपल्याला पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आहे. कॉलेजचं नाव पाहण्यासाठी लॉगिन करा, असंही खाली होतं. पण खालचं कोण वाचतं?

पहिल्या पसंतीचं! माझ्या मनातली पहिली पसंती म्हणजे ठाण्यातलं ते मोठं गेट. देवीची ओळ मी धरतच नव्हते. ती मानाची होती. मी खुर्चीतून उठले. समोर एक आजोबा अर्ज घेऊन उभे होते, त्यावर फोटो नव्हता, तो मी तसाच घेतला आणि पोच दिली. आजोबा घाबरले. "नंतर परत नाही ना बोलावणार?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

एक किलो पेढे आणले. अख्ख्या मजल्यावर वाटले. साहेबांनी विचारलं, "किती टक्के होते हो मुलीला?" मी म्हटलं, "टक्क्यांवर नसतं सर, फॉर्म कसा भरला त्याच्यावर असतं." साहेबांनी दुसरा पेढा घेतला आणि त्यांच्या भाच्याचा पुढच्या वर्षीचा फॉर्म मलाच दाखवायचं कबूल केलं. मीही उदार मनाने हो म्हटलं.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण उरलेला पाव किलो घेऊन मी सुट्टीत त्या कॉलेजच्या गेटवर गेले. या वेळी रस्ता ओलांडून, थेट गेटपर्यंत. वॉचमनसमोर बॉक्स धरला.

"घ्या. माझी मुलगी येणार आहे तुमच्याकडे. पहिल्या फेरीतच."

"अरे वा," तो पेढा तोंडात टाकत म्हणाला. "किती पर्सेंट?"

"एकसष्ट."

त्याचं चावणं थांबलं. माझ्याकडे त्याने इतक्या माणुसकीने पाहिलं की मी ते विसरणार नाही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "एकदा नीट बघून घ्या ना."

मी तिथेच झाडाखाली उभं राहून घरी फोन लावला. "प्रांजल, लॉगिन केलंस? कुठलं कॉलेज मिळालंय?"

"खडवलीचं, आई," ती म्हणाली. "सायन्स."

संध्याकाळी देसाई काका पुस्तिका उघडून आमच्या सोफ्यावर बसले. माझी पुस्तिका नव्हे, त्यांची. तिच्यात रंगीत खुणा होत्या. त्यांनी एक परिच्छेद मोठ्याने वाचला, मग पुन्हा हळू वाचला. थोडक्यात असं, की ओळींचा क्रम तोच खरा. कॉम्प्युटर पहिल्या ओळीपासून सुरू करतो, आणि पहिल्या ओळीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं, तर पुढच्या सगळ्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. मग सगळ्यांचे प्रवेश झाल्यावर जे उरेल ते.

"उरेल काय?" मी विचारलं.

काकांनी तक्त्याकडे पाहिलं. तिथे उरलेल्यांसाठी रंगच नव्हता.

"परवा संध्याकाळपर्यंत मुदत आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, मला एक कळत नाही. पहिल्या ओळीत खडवली टाकायचं सुचलं कसं तुम्हाला?"

मी देवाच्या फळीकडे बघितलं. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. हे दिवसातून मोजून चार वाक्यं बोलतात, त्यांतलं एक तेव्हा बोलले. "आपण पत्रिका दिली," हे म्हणाले, "ती आली."

मला हसूही येईना आणि रडूही येईना. मग रडू आलं. दुसऱ्यांचे अर्ज क्षुल्लक चुकीसाठी परत पाठवणारी मी, आणि स्वतःच्या पोरीचा एकुलता एक अर्ज असा भरून बसले. आता घ्यावं तर रोजचं खडवली, न घ्यावं तर वर्ष गेल्यातच जमा. प्रांजल काही बोलली नाही. मला वाटलं, धक्का बसला. तिच्या त्या गप्प बसण्याने मला जास्तच भरून आलं. मी तिच्या ताटात दोन पोळ्या जास्त वाढल्या आणि तिने त्या मुकाट्याने खाल्ल्या.

मी हार मानणारी नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळी बसून एक अर्ज लिहिला. विषय: नजरचुकीने नोंदविलेली प्रथम पसंती रद्द करण्याबाबत. भाषा अशी वापरली की वाचणाऱ्याने उभं राहावं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' तीन वेळा आणि 'सहानुभूतीपूर्वक' दोन वेळा. अशा अर्जांनी काही होत नाही, हे जगात माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल, तरी लिहिला. आणि प्रांजलला घेऊन निघाले. कल्याणच्या पुढे गाडी इतकी रिकामी झाली की मी एका सीटवर बसले, दुसऱ्यावर पर्स ठेवली आणि तिसऱ्यावर अर्ज.

स्टेशनवरून रिक्षाने कॉलेजला गेलो. एक मजली इमारत, पुढे मोकळं पटांगण आणि दारावर देवीचं नाव. ते नाव बघितल्याबरोबर मी चपला काढल्या. सवयच ती! अनवाणी तशीच कार्यालयाच्या खिडकीपर्यंत गेले.

खिडकीत भोईर म्हणून क्लार्क होते. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मॅडम, चपला घाला पयल्या. खडी हाय, टोचंल."

मी चपला घालून परत आले आणि अर्ज पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या या बाजूला उभी होते. भोईरांनी अर्ज हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला, आणि मी ज्या शांतपणे लोकांचे अर्ज वाचते त्याच शांतपणे वाचू लागले. मी उगाचच पर्सची चेन उघड-बंद करू लागले. लोकांना माझ्यासमोर असं होत असेल तर बिचारे परत येतात तरी कसे, याचं मला नवल वाटलं.

"चांगला लिवलाय," ते म्हणाले. "तारीख नाय."

नव्हती.

"सही पण नाय."

सहीही नव्हती.

"आन हा लिवलाय कोनाला ते बी नाय. प्रति म्हटलंय, फुडं मोकळं." त्यांनी अर्ज मोठ्या अदबीने परत दिला. "तुमी बसा, पानी घ्या. मॅडम, हे आमच्या हातात नसतंय. वरून ठरून येतंय. पोरगी कुठंय तुमची?"

मी मागे वळले. प्रांजल नव्हती.

आम्ही शोधत निघालो. भोईर पुढे, मी मागे. पटांगणात नाही, वर्गात नाही. शेवटच्या खोलीच्या दारावर 'प्रयोगशाळा' असं खडूने लिहिलेलं होतं आणि आतून प्रांजलचा आवाज येत होता. बोलण्याचा. सलग! मी दारातच थांबले, कारण इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

आत तिच्यासमोर एक सर होते, साठीकडे झुकलेले, शर्टाला पेनाचा डाग. टेबलावर आमच्या खिडकीतल्या दोन बाटल्या होत्या, तारखा चिकटवलेल्या. ही पोरगी त्या दप्तरातून घेऊन आली होती! आणि मला वाटत होतं, दप्तरात मार्कशीट आहे. (मार्कशीट घरीच राहिली होती, ते पुढे कळलं.)

"या मॅडम," सर म्हणाले. "तुम्हीच बघा. हा आमच्या नदीच्या पाण्याचा थेंब आहे."

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. मला नीट येत नव्हतं, पण तिघं बघत होते म्हणून म्हटलं, "अय्या, किती सुंदर! काळी काळी, बारीक, कशी हलतेय बघा."

सर थोडं खाकरले. "मॅडम, ती तुमची पापणी आहे."

त्यांनी काहीतरी फिरवलं, मला डोकं जरा मागे घ्यायला सांगितलं. आणि मग खरोखर दिसलं. एवढ्याशा थेंबात गर्दी होती. एक हिरवं गोल हळूहळू लोळत होतं. एक पारदर्शक काहीतरी धावत आलं, थबकलं, वळलं आणि निघून गेलं, जणू त्याला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं. मी श्वास रोखून बघत राहिले. हे सगळं रोज पाण्यात असतं आणि मी त्याच पाण्याने पन्नास वर्षं हातपाय धुतेय! मला कोणी सांगितलं कसं नाही?

"आता हा," प्रांजलने काच बदलली. "आपल्या मागच्या नाल्याचा."

मी बघितलं. पापणी तपासून बघितली. काही नव्हतं. नुसता पिवळट उजेड.

"काहीच हलत नाहीये गं."

"हो. तेच. तीन वर्षं झाली, काहीच हलत नाहीये. का, ते मला शोधायचंय. सर म्हणतात, इथल्या नदीचं पाणी वर्षभर दर आठवड्याला तपासतात इथली मुलं. आठ दिवसांचा फरक दिसतो म्हणे. तीसच मुलं असतात वर्गात, प्रत्येकाला मायक्रोस्कोप मिळतो." एवढं बोलून तिला दम लागला.

माझ्या पोटच्या पोरीकडे मी अशी बघत होते की जणू तीच काचेखाली आहे. हिच्या डोक्यात तीन वर्षं हे चाललं होतं, आणि मी बाटल्या फेकत होते. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, ज्यापुढे मला नमस्कार करावासा वाटला. केला नाही, कारण भोईर बघत होते.

बाहेर पायरीवर बसलो. मी डबा उघडला. मग एकदम मला काहीतरी खटकलं.

"प्रांजल, तू बाटल्या घेऊन आलीस ते कशासाठी? आपण तर रद्द करायला आलेलो."

ती पोळीचा तुकडा तोडत राहिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "तो पहिल्या ओळीचा नियम?"

"पुस्तिकेत होतं ना. मी वाचलेलं."

"फॉर्म भरायच्या आधी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू देवीला दहावा नंबर दिला असतास."

मी डब्यातलं लोणचं तिच्याकडे सरकवलं. कारण मी नक्की तसंच केलं असतं. "मानाला काय, शेवटचा मानसुद्धा मानच," असं म्हणून मोकळी झाले असते.

"मी गुपचूप काही नाही केलं," ती हळूच म्हणाली. "कॉलेज तूच सांगितलंस. शाखा कुठलीही टाक म्हणालीस. लॉक करायच्या आधी मी तुला दाखवलं पण. तू स्पेलिंग बघत होतीस. मला सारखं वाटत होतं, आई एवढे अर्ज तपासते, आता हिला कळेल, आता कळेल. नाहीच कळलं तुला." मग तिने हातातला तुकडा परत डब्यात ठेवला. "मी घाबरलेले आई. कालपासून सांगायचं होतं. तू रडत होतीस म्हणून नाही सांगितलं. पण मला दुसरीकडे सायन्स नसतं मिळालं. कुठेच. काकांचा तक्ता मी आधीच बघितलेला."

खरं तर मी चिडायला हवं होतं. चिडलेही थोडी. एका रात्रीची झोप, एक किलो पेढे आणि वॉचमनसमोर गेलेली लाज, यांचा हिशोब कोणी द्यायचा? पण राग नीट उभाच राहीना. ज्या नियमाला अख्खं ठाणं वचकून असतं, तो नियम हिने शांतपणे वाचला होता, त्यात स्वतःला बसेल एवढी जागा शोधली होती, आणि आईला कळू न देता आईच्या हातूनच तिथे जाऊन बसली होती. एकसष्ट टक्के! कोणी तपासले होते ते पेपर?

"घेऊ ना आई इथे?" तिने विचारलं. "तू नाही म्हणालीस तर नाही घेणार. खरंच."

ती खरंच नाही घेणार, हे तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि त्यानेच माझं सगळं बळ गेलं. मी डब्याचं झाकण लावलं. "चल," मी म्हटलं, "मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे."

भोईरांनी प्रवेशाचा अर्ज काढून दिला. मी सवयीने पेन उघडून हात पुढे केला. प्रांजलने तो कागद अलगद माझ्या हाताखालून काढून घेतला.

"मी भरते," ती म्हणाली.

मी बाजूला उभी राहिले. तिने सावकाश, एकेक रकाना वाचत भरला. जिथे काही लिहायचं नव्हतं तिथे 'लागू नाही' लिहिलं. घरी राहिलेल्या मार्कशीटचं भोईरांना स्वतःच सांगितलं, उद्या सकाळी आणून देते म्हणाली, आणि ते "चालंल" म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवून तिने खाली बोट ठेवलं. "आई, तू फक्त सही कर."

माझे डोळे भरलेले होते. समोरचं काही नीट दिसत नव्हतं, आणि वाचायची गरजही वाटली नाही. इतक्या विश्वासाने मी जन्मात कुठल्या कागदावर सही केली नसेल. चांगली ठळक, पूर्ण नावाची, खाली रेघ ओढून केली.

भोईरांनी कागद उचलला, चष्मा खाली आणला, एकदा माझ्याकडे आणि एकदा प्रांजलकडे पाहिलं, आणि दुसरा कोरा अर्ज काढून तिच्या हातात देत म्हणाले, "पोरी, परत भर. आईनं विद्यार्थ्याच्या जागी सही केलीया."